टेलपासून उगमाकडे

उन्हाळ्यात गाडी काढायची म्हटलं की शिरूर-दौंडकडची मंडळी महाबळेश्वर नाहीतर कोकण गाठतात. आमची घरच्या गाडीने ही पहिलीच लांबची सहल. ठरलंय असं की घोड नदी धरून वर जायचं : शिरूर, मलठण, कवठे येमाई, पारगाव, मंचर, घोडेगाव, डिंभे आणि शेवटी आहुपे. शिरूरला आजही जुनी माणसं घोडनदी म्हणतात. पण ही नदी कुठल्या डोंगरातून येते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नाही. पुलावरून जाताना पाणी किती आहे एवढंच आपण बघतो.

•

नकाशा पुढ्यात घेऊन काढलेली टिपणं. घोड आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. डिंभ्याला तिला पहिलं मोठं धरण. खाली येताना मीना मिळते, मग कुकडी. शिरूर तालुक्यातच चिंचणीला घोड धरण आहे, १९६५ सालचं. तिथून पुढे दौंडच्या वरच्या अंगाला ती भीमेत जाते. म्हणजे दौंडच्या पुलाखालून वाहणाऱ्या भीमेत आहुप्याचंही पाणी असतं. त्यामुळे दौंडच्या पाहुण्यांनाही या सहलीला घ्यायचं पक्कं झालं.

•

ताईच्या घरी फोन केला. दाजी रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना रस्ता आधी कागदावर लागतो.

"दाजी, तुम्ही आदल्या दिवशीच मुक्कामाला या. पाटस, चौफुला, पारगाव, न्हावरे करत सरळ शिरूर."

"पारगाव म्हणजे सालू-मालूचं ना? मग तुमच्या पुढच्या वाटेवर परत पारगाव कसं लिहिलंय?"

"ते आंबेगावातलं. भीमाशंकर कारखान्याचं."

पहिल्यांदा निघणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आपल्या जिल्ह्यात एकाच नावाची गावं पुष्कळ आहेत. मोबाइलमध्ये गावाबरोबर तालुकाही टाकावा, आणि फाट्यावर उतरून माणसाला विचारावं. वर खोऱ्यात रेंज भरवशाची नाही, म्हणून रस्ता कागदावर लिहिलेला बरा.

•

दाजी येताना वाट थोडी वाकडी करून इनामगाव बघणार आहेत. घोडच्या काठावरचं हे गाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं त्याच्याशी जोडलेली. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरं, धान्याची पेवं, अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस, असं बरंच काही सापडलं. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिथे सापडलेला पाट आणि त्याचा बांध. पुराचं पाणी वळवून शेताला द्यायची खटपट या काठावर तेव्हापासून चालू आहे. पुढे हवामान कोरडं होत गेलं, वस्तीची घरं लहान आणि साधी झाली, लोक शेतीपेक्षा जनावरांवर जास्त अवलंबून राहू लागले, आणि शेवटी वस्ती उठली, असं अभ्यासक सांगतात. जागेवर आता बघण्यासारखं फार नाही. वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. तरी त्या पांढरीवर पाच मिनिटं उभं राहावं. पाणी हटलं की गाव हटतं, हे तिथे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

•

तारीख : मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मृगाच्या आत. कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो, रस्त्यावर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या नसतात. वर करवंदं, जांभळं पिकलेली. वळवाच्या एखाद्या सरीनंतर काजवे दिसायला लागतात. शाळा उघडायच्या आत मुलं घरी येतात. शनिवार-रविवार टाळायचा. भीमाशंकरच्या रस्त्याला त्या दिवशी गाड्यांची रांग लागते.

•

गाडी. शोरूमची सर्व्हिसिंग झाली असली तरी ओळखीच्या मेस्त्रीला एकदा दाखवायची. कूलंट, ब्रेक, फॅनबेल्ट, बॅटरी. चाकांत हवा पहाटे थंड असताना भरायची. उन्हाने तापलेल्या डांबरावर ती आणखी वाढते. स्टेपनीची हवा सगळे विसरतात. जॅक आणि पाना डिकीत आहेत का, आणि ते आपल्याला लावता येतात का, हे दारातच बघून घ्यायचं. डिझेल मंचर किंवा घोडेगावलाच भरायचं. घाटात उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, सारखा ब्रेक दाबून धरायचा नाही. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

•

निघायचं पहाटे, पण अगदी अंधारात नाही. शिरूर, आंबेगाव, जुन्नर हा बिबट्यांचा मुलूख आहे. धरणं आली, पाट आले, ऊस आला, आणि उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. त्याच्या कित्येक पिढ्या आता उसातच वाढल्यात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी वनखात्याचं निवारा केंद्र आहे. उसाच्या कडेला, अंधारात, लघवीसाठीसुद्धा गाडी थांबवायची नाही. लहान मुलाला एकटं उतरू द्यायचं नाही.

•

पहिला थांबा थोडा आडवाटेला : कुकडीवरचे कुंड. अलीकडे आपली टाकळी हाजी, पलीकडे पारनेरचं निघोज. दोन्ही तीरांवर मळगंगेची देवळं. उन्हाळ्यात पात्रातलं पाणी आटलं की काळ्या कातळाची खरी घडण दिसते. शेकडो रांजणखळगे, काही ओंजळीएवढे, काही माणूस उभा मावेल असे. हे कसे झाले ते खळग्यात वाकून बघितलं की कळतं. तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले असतात. पुराच्या भोवऱ्यात असा एखादा गोटा कातळाच्या खोबणीत अडकतो, तिथेच गरगर फिरतो, आणि गिरमिटाने लाकडाला भोक पाडावं तसा दगड कोरत खाली जातो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. शेजारशेजारचे दोन खळगे वाढत गेले की मधली भिंत फुटते आणि त्यांचा एक होतो. नदीचं बळ मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली जागा या भागात नाही.

पोहायला मात्र उतरायचं नाही. कडा निसरड्या, खोली दिसत नाही, आणि वरून पाणी कधी सुटेल याचा नेम नाही.

•

शिदोरी : दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गुळाचा खडा. मंचरच्या पुढे कुठे मासवडी मिळाली तर एक वेळचं जेवण तिथे. ताईचं म्हणणं, चिंचेचं सार बाटलीत भरून घेऊ. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. घ्यायचंच.

•

डिंभे. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. बाकीची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि गेले.

तालुक्याचं नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावात. मूळचं आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी आपल्या शिरूर तालुक्यात येतं. पाटाला आवर्तन सुटलं की नाही, टेलपर्यंत पाणी पोचलं की नाही, चारी कुणी फोडली, यावर आपण तासन् तास बोलतो. ज्यांच्या घरादारावर हे पाणी उभं राहिलं, त्यांचा विषय त्या बोलण्यात निघत नाही. डिंभ्याच्या काठावर थांबून मुलांना हे सांगायचं.

•

त्याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. त्यांच्या आठवणीसाठी तिथे झाडं लावली आहेत. थांबायचं, चपला बाजूला काढायच्या, मुलांना घेऊन शांतपणे फिरून यायचं. फोटो काढायचे नाहीत. मागे राहिलेल्यांसाठी नवं गाव वसवलं आहे. तिथल्या लोकांना त्या दिवसाबद्दल विचारून जखम उघडायची नाही.

•

आहुपे. शेवटचं गाव, पुढे कडा. खाली मुरबाडचं कोकण, समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब थोडक्यात अरबी समुद्रात जातो. पूर्वेला पडलेला घोड, भीमा, कृष्णा असा अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. तो आपला थेंब.

दौंड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या थोडं वर. शेजारचं भीमाशंकर हजाराच्या आसपास. चढ एवढाच, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट कोसळतो.

आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच पट्ट्यातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन लांब चालतात. कातळ पाणी धरत नाही, उतार थांबू देत नाही, आणि धरण खाली आहे. जिथे सगळ्यात जास्त पाऊस पडतो तिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, आणि शंभर किलोमीटर खाली आमच्या उसाला आहे. म्हणून यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय : पिण्याचं आणि वापरायचं सगळं पाणी घरून न्यायचं. तिथल्या विहिरीवर आपली बाटली भरायची नाही, गाडी धुवायची तर गोष्टच सोडा.

•

आहुप्याला देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेलं रान, कुऱ्हाड लागत नाही. महादेव कोळ्यांच्या पिढ्यांनी ते सांभाळलं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे. देवराया त्याच्या कितीतरी आधीच्या.

इथल्या घरांची उन्हाळ्यातली कमाई म्हणजे हिरडा. कोवळा बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या भागातल्या हिरड्याच्या झाडांचं मोठं नुकसान झालं. झाड पुन्हा फळावर यायला वर्षं लागतात. वाटेवर कुणी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलं असेल तर मागेल त्या पैशाला घ्यायची, घासाघीस करायची नाही. जेवण आणि मुक्कामही गावातल्या घरीच, आधी फोन करून. पैसा त्या खोऱ्यातच राहायला हवा.

•

काजवे बघायचे नियम, मुलांकडून पाठ करून घ्यायचे. वनखात्याने परवानगी दिलेल्या जागीच आणि त्या वेळेतच थांबायचं. हेडलाइट बंद, मोबाइलचा टॉर्च बंद, फ्लॅश बंद. झाडाखालच्या गवतात पाय घालायचा नाही, मादी खालीच असते. काजवा बाटलीत धरायचा नाही. त्या उजेडावर त्यांची जोडी जमते, आणि त्यासाठी त्यांच्या हाती थोडे दिवस असतात.

•

कचऱ्याची पिशवी आपलीच, जाताना रिकामी, येताना भरलेली. वर टाकलेली प्लॅस्टिकची बाटली पहिल्या पावसात ओढ्याला लागते, ओढ्यातून घोडला, आणि पुढे आपल्याच केटी बंधाऱ्याच्या फळ्यांत येऊन अडकते.

•

ज्यांना पहिली सहल कुठे काढावी असा प्रश्न पडलाय, त्यांना एवढंच सांगणं आहे : आपल्या नळाला, आपल्या पाटाला ज्या नदीचं पाणी येतं ती धरून वर जा. शिरूरकरांना घोड आहे, निघोजकडच्यांना कुकडी, दौंडकरांना भीमा. रस्ता चुकत नाही, खर्च बेताचा, आणि परत आल्यावर पाण्याच्या पाळीवरून भांडताना वरच्या माणसाचा हिस्साही बोलण्यात येतो. कालवा सल्लागार समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने तर मे महिन्यात एक दिवस आहुप्याच्या पाणवठ्यावर काढलाच पाहिजे.