पिल्लाचे दात आणि घरातले हात

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की पहिल्या आठवड्यात सर्वांना त्याचे डोळे दिसतात आणि दुसऱ्या आठवड्यात दात. मनगटांवर बारीक ओरखडे उमटतात, साडीच्या काठाला भोके पडतात, मुलांच्या पायजम्यांचे तळ विरतात. ‘खेळतंय ते, लहान आहे’ या समजुतीवर काही दिवस निभावते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मोठे झाले की आपोआप सुटेल. दुसरा म्हणतो, त्याला बाहेर बांधा.

चंद्रपूर जिल्ह्यातील मूल गावाच्या एका टोकाला आमचे घर आहे. मागे धानाच्या बांध्या आणि त्यांच्यापलीकडे जंगल. आमची भुरी आली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती. सावली तालुक्यातील नातेवाइकांच्या अंगणातून तिच्या आईला एका रात्री बिबट्याने नेले. मागे राहिलेल्या पिल्लांतले हे एक आमच्या वाट्याला आले. घरात सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांना मधुमेह, त्वचा कागदासारखी पातळ, साधा ओरखडाही पंधरा-पंधरा दिवस बरा होत नाही. दुसऱ्या टोकाला चार वर्षांची नात. अशा घरात दातांचा खेळ चालू देणे शक्य नव्हते, आणि बाहेर बांधणे म्हणजे काय, हे तिच्या आईच्या उदाहरणावरून आम्हांला ठाऊक होते. नगर जिल्ह्यातील अकोले भागात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचाच आढळला होता. तेव्हा भुरीला तोंड आवरायला शिकवणे हा आमच्याकडे शिष्टाचाराचा प्रश्न उरला नाही. ती घरात राहणार की नाही, हे त्यावर ठरणार होते.

पिल्लाच्या चावण्यामागे राग नसतो. माणसाचे तान्हे मूल जसे प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते, तसेच पिल्लूही जगाची ओळख तोंडाने करून घेते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात फुटू लागतात. ते एकूण २८ असतात आणि सुईसारखे अणकुचीदार असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चावण्याची ओढ वाढते. दात किती जोराने लावायचे, हे पिल्लू आपल्या भावंडांत शिकते. एकाने दुसऱ्याचा कान जोरात धरला की दुसरे किंचाळते आणि खेळ सोडून निघून जाते. आईही दूध पाजताना दात लागले की उठून बाजूला होते. चावले की सोबत संपते, हा तो धडा. म्हणूनच पिल्लाला निदान आठ आठवडे आई-भावंडांत राहू द्यावे, असे पशुवैद्य सांगतात. भुरीची ती शाळा अर्ध्यावरच सुटली होती. उरलेला अभ्यास घरातल्या माणसांना घ्यावा लागणार होता.

आम्ही जो नियम केला तो एका वाक्याचा होता: दात अंगाला लागले की खेळ थांबला. हात हिसडून मागे घ्यायचा नाही; हिसडलेला हात पिल्लाला पळत्या सावजासारखा वाटतो आणि ते अधिक घट्ट धरते. हात सैल सोडायचा, ‘आं’ असा एकच छोटा आवाज करायचा, हात छातीशी घ्यायचे आणि पाठ फिरवायची. बोलणे नाही, पाहणे नाही. ती तरीही पोटरीला भिडली तर आपण खोलीबाहेर जाऊन दार लोटून घ्यायचे. अर्ध्या मिनिटाने परतायचे, आणि परतताना तिच्या तोंडासाठी काहीतरी घेऊन यायचे. जुन्या सुती फडक्याला घट्ट गाठी मारून, ओले करून, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवले की शिवशिवणाऱ्या हिरड्यांना ते फार आवडते. फडके गिळता येणार नाही इतके मोठे असावे आणि त्याच्या दशा सुटू लागल्या की बदलावे. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांच्या चिरफळ्या घशात वा आतड्यात रुततात. तिने फडके धरले की शाबासकी द्यायची. ‘हे नको’ एवढेच सांगून भागत नाही, ‘हे चालेल’ हेही दाखवावे लागते.

कपड्यांची गोष्ट थोडी निराळी. सासूबाईंच्या लुगड्याचा सोगा आणि नातीच्या फ्रॉकची झालर या हलणाऱ्या वस्तू. त्यांमागे धावणे पिल्लाच्या रक्तातच असते. कापड ओढून सोडवू लागलो की रस्सीखेच सुरू होते आणि त्यात पिल्लालाच मौज वाटते. म्हणून जागच्या जागी उभे राहायचे, कापड सैल सोडायचे आणि तिने सोडले की त्या क्षणी तिला तिचे फडके द्यायचे. नातीला आम्ही ‘झाड हो’ असा खेळ शिकवला. भुरीने फ्रॉक धरला की हात पोटाशी, पाय जमिनीत, तोंडातून आवाज नाही. किंचाळत पळणारे मूल पिल्लाला खेळगड्यासारखे वाटते; झाडात त्याला रस उरत नाही. अर्थात लहान मूल आणि पिल्लू यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नये. सासूबाई तिन्हीसांजेला जपमाळ घेऊन बसत, त्या तासाभरात भुरी दोरीने आतल्या खोलीत बांधलेली असे. दिवेलागणीला पिल्ले विशेष उधळतात. बरेचदा ते थकव्याचे लक्षण असते. या वयात पिल्लू दिवसातले अठरा तासांच्या आसपास झोपते आणि झोपमोड झाली की मुलांसारखेच चिडखोर होते.

तोंडावर चापट मारणे, जबडा आवळून धरणे, नाकावर टिचकी मारणे हे उपाय पुष्कळांनी सुचवले. त्यांनी पिल्लू हाताला भिऊ लागते. भ्यालेले कुत्रे आधी दबकते, पुढे गुरगुरणेही सोडते आणि एके दिवशी सूचना न देता चावते. गुरगुरणे ही त्याची भाषा आहे; ती बंद पाडण्यात आपलेच नुकसान असते. अन्नाच्या ताटलीवर अंग ताठ करून, डोळे रोखून, दात दाखवून कुत्रे अंगावर आले तर मात्र तो खेळ समजू नये आणि पशुवैद्याला दाखवावे.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ पासून लोक बिरादरी प्रकल्प चालतो. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेले पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी घरी आणले आणि त्यातून पुढे वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. बिबट्याने त्यांचा हात अलगद तोंडात धरल्याची छायाचित्रे अनेक घरांत पाहिली गेली आहेत. ती पाहून ‘बिबट्याला जमते, मग कुत्र्याला का नाही’ असे आमच्याकडेही कोणी म्हणाले. त्या चित्रातले धैर्य चटकन दिसते. मागची वर्षे दिसत नाहीत. डोळेही नीट न उघडलेली पिल्ले माणसाच्या हातून दूध पिऊन वाढतात आणि तोच हात त्यांना दिवसामागून दिवस एकाच रीतीने भेटतो. त्यातले अनुकरण करण्याजोगे एवढेच. आमच्या घरात सर्वांत अवघड गेले तेही हेच. मुलगा संध्याकाळी कामावरून येऊन भुरीशी पंजाच्या कुस्त्या खेळे. सकाळी तीच कुस्ती ती आजीच्या हाताशी मांडू पाही. एका हाताशी चावणे चालते आणि दुसऱ्या हाताशी नाही, हा भेद पिल्लाला कळत नाही. कुस्ती बंद झाली आणि तिच्या जागी दोरीला बांधलेला चेंडू आला, तेव्हापासून फरक पडू लागला.

आता आरोग्याचा मुद्दा, जो या सर्वांहून मोठा आहे. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेल, हा समज धोक्याचा आहे. लस न टोचलेल्या पिल्लाचे दात उघड्या त्वचेला लागले, रक्त आले नसले तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. आमच्या नातीला ओरखडा लागला तेव्हा आम्ही हेच केले. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, परंतु त्या दहा दिवसांसाठी उपचार थांबवून ठेवायचे नसतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीही वाचत नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी.

भुरी आता आठ महिन्यांची आहे. पहिल्या तीन आठवड्यांत काहीच बदललेले दिसले नाही. चौथ्या आठवड्यात चावा हलका झाला, मग विरळ झाला, आणि पक्के दात आल्यावर थांबला. मधूनमधून आठवण आल्यासारखे ती मनगट तोंडात धरते, पण दात न लावता. रात्री ती सासूबाईंच्या खाटेखाली निजते. तिला बाहेर बांधा म्हणणाऱ्या त्याच होत्या. आता दिवे मालवण्यापूर्वी मागचे दार लागले का, हे त्याच दोनदा विचारतात.