दाढेचं भोक आणि एस.टी.ची वेळ

रूट कॅनाल करताना बर (दात कोरायचं फिरतं टोक) वाजवीपेक्षा खोल गेला की दाढेच्या तळाला, मुळांच्या बेचक्यात भोक पडतं. खालच्या दाढेत पल्प चेंबरच्या, म्हणजे दाढेतल्या पोकळीच्या, तळापासून बेचक्यापर्यंत जेमतेम ३ मिलिमीटर दात असतो. आमच्या वऱ्हाडात खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं) ज्यांचं तोंड धड उघडत नाही, त्यांच्या दाढेत हात तिरका चालतो आणि धोका वाढतो. हे भोक कोणत्या सिमेंटनं बुजवायचं, यावर आम्हा दंतवैद्यांत वाद आहे. माझं मत असं, की अमरावती-अकोल्याकडे ही निवड सिमेंट सेट होण्याच्या वेळेवरून व्हावी.

एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रीगेट) या सिमेंटचं श्रेय नाकारायचं कारण नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठातून महमूद तोराबिनेजाद यांच्या गटानं ते पुढे आणलं. त्याआधी आम्ही अमाल्गम भरत होतो आणि पुढे बेचक्यातलं हाड झिजताना पाहत होतो. एमटीए ओलाव्यात सेट होतं, हाड त्याला स्वीकारतं. २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेविना बुजवलेल्या भोकांचं यश सरासरी ७२ टक्क्यांच्या पुढे, तर एमटीएचं सुमारे ८१ टक्के दिसलं. पण ते सेट व्हायला पावणेतीन तास घेतं. कालवलेलं एमटीए ओल्या वाळूसारखं सुटं असतं. वर ओला कापूस ठेवून तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि पेशंटला पुन्हा बोलवायचं, ही त्याची मूळ रीत. धारणीहून परतवाडामार्गे अमरावतीला किंवा तेल्हाऱ्याहून अकोल्याला एस.टी.नं येणारा माणूस ठणका थांबला की पुन्हा येईलच, याचा भरवसा नाही. तात्पुरतं सिमेंट झिजलं की लाळ आत जाते आणि भोकाचं नशीब तिथंच फिरतं.

दुसरा पर्याय बायोडेंटिन; तेही एमटीएसारखं कॅल्शियम सिलिकेटचंच. कॅप्सूलमध्ये द्रवाचे ५ थेंब टाकून ३० सेकंद अमाल्गमेटरवर फिरवलं की ते तयार होतं. सेट व्हायला कंपनी १२ मिनिटं सांगते. पुरतं कडक व्हायला जास्त वेळ लागतो, तरी काम एका बैठकीत बसतं. शिवाय भोक बहुधा मुळांतले कालवे सापडण्याआधीच पडतं, म्हणजे बुजवल्यानंतरही ते कालवे हायपोक्लोराइटनं धुणं बाकी असतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत अशा धुण्यानंतर बायोडेंटिनची पकड एमटीएपेक्षा जास्त टिकून राहिलेली दिसली.

यावर आक्षेप येतात. एमटीएवर त्याच दिवशी ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर चढवता येतो. खरं आहे, पण खालचा थर कच्चा असताना कालवे धुण्याचा प्रश्न उरतोच. बायोडेंटिन एक्स-रेत फिकं दिसतं. म्हणून भरल्याबरोबरची फिल्म जपून ठेवावी, पुढची तिच्याशी ताडता येते. एमटीएचा पाठपुरावा अधिक वर्षांचा आहे. हा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि पुन्हा येण्याची खात्री असलेल्या पेशंटसाठी मी तो मान्य करतो. कॅप्सूल महाग पडते आणि उरलेलं वाया जातं, हेही खरं. पण म्हणून बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटकडे वळू नये; रचना एमटीएच्या जवळची असली तरी त्यातल्या शिसं-आर्सेनिकची हमी कोणी घेत नाही.

काढलेल्या दाढांत निळा रंग झिरपवून कोणतं सिमेंट किती गळतं हे मोजणारे अभ्यास पुष्कळ झाले. पण काढलेल्या दाढेतून रक्त येत नाही आणि तिला गावी परतायचं नसतं. आमच्याकडच्या दंत महाविद्यालयांनी आता वर्षभरानं परत आलेल्या आणि न आलेल्या पेशंटची नोंद सिमेंटनिहाय ठेवावी. या वादाचा निकाल त्या वहीतून लागेल.