हँडिकॅप आणि आयर्नची निवड

पन्नाशीनंतर गोल्फकडे वळलेला व्यापारी गृहस्थ दुकानात शिरतो, तेव्हा त्याची नजर प्रथम खिळते ती चकचकीत, पातळ ब्लेड आयर्नवर. काही नामवंत खेळाडूंच्या हाती ती असतात. त्याचा हँडिकॅप मात्र २८. म्हणजे ७२ पारच्या मैदानावर शंभर किंवा त्याहून अधिक फटके. खतावणीतील शिल्लक नाकारता येत नाही, तसाच हा आकडाही.

ब्लेडचे वजन मध्याशी एकवटलेले असते. चेंडू जरा बाजूला लागला की डोके वळते, मनगटाला झिणझिण्या येतात आणि अंतर घटते. कार्स्टन सोलहाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंता. १९५९ मध्ये त्याने ‘पिंग’ पटर घडवला; त्यात वजन कडांकडे नेले होते. पुढे आयर्नचीही पाठ पोखरून त्याने तेच साधले. अशी कॅव्हिटी-बॅक आयर्न चुकलेला फटका बऱ्याच अंशी सावरून घेतात. त्यांचा तळ रुंद असेल तर ती मातीतही कमी रुततात. मित्रांनी थट्टा केली तरी घ्यावीत ती हीच.

व्यापाऱ्याची नजर हवी ती मापात. पूर्वी सात क्रमांकाच्या आयर्नचा कोन ३४ अंशांच्या आसपास असे; आज अनेक संचांत तो ३० हून कमी आहे. दुकानातील पडद्यावर वाढलेले यार्ड पुष्कळदा या कोनाचे असतात, हाताचे नव्हेत! म्हणून क्रमांकाआधी अंश विचारावेत. दहा चेंडू मारून पाहावेत आणि उत्तम तीन नव्हे, दहाही फटके मांडावेत.