२०२३ चे अल्बम आणि बाबांचे कान

दर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी वर्षभरात आवडलेल्या अल्बमांची यादी करते. घरातल्यांना ही सवय माहीत आहे आणि तिची पुरेशी चेष्टाही करून झाली आहे. यादीचे नियम ठरलेले. अल्बम त्याच वर्षी आलेला हवा, निदान तीन वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला हवा (मधूनमधून गाणी उचलून नाही!) आणि समासात बाबांचा शेरा हवा. बाबांचे शेरे तीनच. "बरं आहे", "ऐकलं", आणि "पुढे". "बरं आहे" म्हणजे सुवर्णपदक. पंधरा-सोळा वर्षांच्या वहीत ते चार-पाचदाच मिळालं असेल.

२०२३ ची यादी वहीत आहे, पण ती अशी का झाली हे लिहायचं राहूनच गेलं होतं. काहीजणांनी तेव्हा विचारलंही होतं, की तुझा पहिला नंबर 'शक्ती'चा असणार अशी खात्री होती, मग हे काय? तर सांगते.

सुरुवात २०२२ च्या नोव्हेंबरात झाली. करोनाची दोन वर्षं घरात काढून बाबा पहिल्यांदाच एका छोट्या बैठकीला आले. पन्नास-साठ माणसं, सतरंज्या, मागे आमच्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या. गायिका तरुण होती, पूरिया गायली, फार छान गायली. मध्यंतरात चहा घेताना बाबा मोठ्याने म्हणाले, "गळा तयार आहे, पण तंबोऱ्यांना जवारीच नाही. लाकूड वाजवल्यासारखं वाटतंय." मागे तंबोऱ्यावर बसलेला मुलगा शेजारीच चहा पीत होता. त्याचा चेहरा पडला. आणि मला तर ते तंबोरे मघापासून लख्ख ऐकू येत होते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे.

बाबांशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. बाबा बँकेत होते, पण तरुणपणी आठ वर्षं गाणं शिकले. घरात मिरजेचा तंबोरा आहे. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवून जवारी काढायला त्यांनीच मला शिकवलं. रमणबागेत रात्र रात्र चालणारा सवाई गंधर्व महोत्सव मफलर गुंडाळून ऐकलेली ती पिढी. त्यांनी "जवारी नाही" म्हटलं की जवारी नाही, असंच मी लहानपणापासून मानत आले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, की नाही, ती आहे.

तपासणीला न्यायला दोन महिने गेले. (आत्या, हे वाचून बाबांना लगेच फोन करू नकोस. त्यांना सांगूनच लिहिलंय.) त्या बंद खोलीत कानावर हेडफोन लावतात, बारीक टूं टूं आवाज सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. बाबांनी दोन मिनिटांत त्या टूं टूंची लय पकडली आणि समेवर यावं तसं बटण दाबू लागले! काचेपलीकडून ती मुलगी म्हणाली, "काका, अंदाजाने नाही हं दाबायचं." मग तिने मधली अंतरं वाकडीतिकडी केली आणि खरा आलेख आला. डावीकडे, म्हणजे खालच्या आवाजांत, जवळजवळ सरळ रेघ. उजवीकडे घसरगुंडी. तिने समजावलं, की वयाने आधी वरचे, बारीक आवाज जातात. स, श, त, फ ही अक्षरं तिथे राहतात, म्हणून माणूस बोललेलं कळतं पण समजत नाही. आणि संगीतात वरच्या स्वरांशांची जी चकाकी असते, ती तिथेच.

परत येताना रिक्षात बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. टिळक रस्त्याच्या सिग्नलला म्हणाले, "म्हणजे त्या पोराचे तंबोरे बरोबर होते." एवढंच. त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

कानातली यंत्रं आली, एका स्कूटरच्या किमतीची. पहिल्या आठवड्यात घरात दिवाळी. कुकरच्या शिट्टीने बाबा दचकत होते, पेपरची घडी करकरते याचं त्यांना नवल वाटत होतं, आईला "अगं हळू बोल" म्हणत होते. (आई चाळीस वर्षं त्याची वाट बघत होती :) ) मी खूश. आता यादीचं काम सुरू करायचं.

मे महिन्यात 'ॲज वी स्पीक' आला. बेला फ्लेकचा बॅंजो, एडगर मायरचा डबल बास, झाकिर हुसेनचा तबला आणि राकेश चौरसियाची बासरी. बाबांना बॅंजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला, बटणांचा. हा अमेरिकन बॅंजो वेगळा, चामड्यावर तारा ताणलेला, हे सांगण्यातच पहिला चहा संपला. मग लावला. मला तर पहिल्या ऐकण्यातच आवडला. चौघेही एकमेकांना जागा देतात, कोणी धावत सुटत नाही, आणि बॅंजोसारखं तुटक वाद्य बासरीच्या लांब स्वराशेजारी ठेवलं की दोघांचंही रूप उजळतं. पण बाबा अस्वस्थ. राकेशने लांब स्वर लावला की कपाळाला आठ्या. शेवटी म्हणाले, "दोन बासऱ्या का आहेत? आणि दुसरा बेसूर का आहे?"

दुसरा नव्हताच. मग मी आठवडाभर वाचत बसले. ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. यंत्राची स्वतःची शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक राखणदार बसवलेला असतो. लांब, सरळ, शुद्ध स्वर ऐकला की त्याला वाटतं हीच ती शिट्टी, आणि तो तिला मोडायला धावतो. त्या मोडतोडीत मूळ स्वराशेजारी एक थरथरता खोटा स्वर उभा राहतो. म्हणजे बासरीवाला जितका सुरेल, तितका यंत्राला चोर! शिवाय हळू आवाज मोठे आणि मोठे आवाज लहान करणं हेही त्याचं कामच. बोलण्यात ते सोयीचं, पण आलापातली सगळी चढउतार इस्त्री केल्यासारखी सपाट.

बाबांनी यंत्रं ड्रॉवरमध्ये टाकली. "हे बोलणं ऐकायचं यंत्र आहे, गाणं ऐकायचं नाही." संध्याकाळचं ऐकणंही बंद. टीव्हीच्या बातम्या सुरू झाल्या. आमच्या घरात साडेसातच्या बातम्या यापूर्वी कधी लागल्याचं मला आठवत नाही. यंत्र देणाऱ्यांचंही थोडं चुकलं म्हणायला हवं. बाबा गाणं शिकलेले आहेत हे आम्ही तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा "हो हो" असं उत्तर मिळालं होतं.

जूनच्या शेवटी 'शक्ती'चा 'धिस मोमेंट' आला. सेहेचाळीस वर्षांनी स्टुडिओत केलेला अल्बम, माझ्यासाठी त्या वर्षीचा सण. जॉन मॅकलॉफ्लिन, झाकिर, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि कंजिऱ्यावर सेल्वगणेश. १९७० च्या दशकातल्या पहिल्या 'शक्ती'त घटम वाजवणारे विक्कू विनायकराम हे या सेल्वगणेशचे वडील. ती जुनी रेकॉर्ड बाबांनी बँकेतल्या एका मित्राकडे ऐकलेली. तेव्हा "ऐकलं" असा शेरा दिला असणार, पण घटम वाजवणारा मात्र त्यांच्या पक्का लक्षात होता. त्यामुळे आशेने लावला. यंत्रं न घालता. पाच मिनिटांत म्हणाले, "बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतंय." कोन्नकोलचे बोल सुरू झाले, त-क-धि-मि, पण व्यंजनंच गेलेली, त्यांना नुसतं अ-अ-इ-इ. मी त्यांच्या गुडघ्यावर ताल धरला. त्यांनी दोन आवर्तनं धरू दिला, मग हात हळूच बाजूला केला. समासात लिहिलं, "पुढे".

त्या रात्री मला फार वाईट वाटलं. अल्बमचं नव्हे. एवढी वर्षं माझी यादी म्हणजे खरं तर बाबांशी चाललेलं भांडण होतं. बघा, हेही चांगलं आहे, हेही ऐका. आणि आता समोरचा माणूसच मैदानातून उठून चालला होता.

'लव्ह इन एग्झाइल' मी मार्चमध्येच एकदा ऐकून बाजूला ठेवला होता. अरूज आफताबचा आवाज, विजय अय्यरचा पियानो, शहजाद इस्माइलीचा बास आणि सिंथेसायझर. तबला-ड्रम काही नाही. उर्दू शब्द मोजके, तेच तेच फिरून येणारे. फार सावकाश. खरं सांगायचं तर मला तो तेव्हा कंटाळवाणा वाटला होता. जुलैत एका पावसाच्या दुपारी, कपडे घड्या करताना, काहीतरी मागे चालू असावं म्हणून लावला. बाबा आतून उठून आले. कानात काही नाही. स्पीकरशेजारच्या खुर्चीत बसले आणि हात स्पीकरच्या लाकडी खोक्यावर ठेवला. मी घड्या करत राहिले, मुद्दामच बघितलं नाही. वीसेक मिनिटांनी म्हणाले, "ही कोण? खाली राहते. उगाच वर जाऊन दाखवत नाही."

तो अल्बम तासाभराहून मोठा आहे. त्यांनी सगळा ऐकला. इस्माइलीचा बास जमिनीखालून आल्यासारखा येतो, अय्यर बराच वेळ डाव्या हाताच्या खालच्या सुरांत रेंगाळतो आणि आफताबचा आवाज भरल्या, खालच्या पट्टीतला. बाबांच्या आलेखातली ती डावीकडची सरळ रेघ! शब्द कळले का विचारलं, तर म्हणाले, "आलापाला शब्द कशाला?" समासात स्वतः लिहिलं, "बरं आहे."

मग मीही तो त्यांच्याबरोबर पुन्हा पुन्हा ऐकला. मी नेहमी वरचं ऐकते हे मला तेव्हा कळलं. गायकाची तान, सतारीचा झाला, चकाकणारं सगळं. खाली काय चाललंय याकडे माझा कान कधी गेलाच नव्हता. 'ॲज वी स्पीक' पुन्हा लावला, या वेळी बासरीचा नाद सोडून, आणि बाबांना म्हटलं, फक्त डग्गा ऐका. झाकिरच्या डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा तो घुमारा मींडेसारखा वळतो, आणि मायर गजाने त्याच्या पाठोपाठ जातो. बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "हा डग्ग्यावर गातोय." शेरा "ऐकलं" वरून "बरं आहे" झाला, खाडाखोड करून. नियमाप्रमाणे एका वर्षात दोन सुवर्णपदकं याआधी कधीच नव्हती.

आणखी तीन फेऱ्या मारून यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय करून घेतली. राखणदार सौम्य, इस्त्री कमी. पूर्वीसारखं नाहीच ते, पण बासरी एकच ऐकू येते. ऑक्टोबरात अनुष्का शंकरचा 'चॅप्टर वन: फॉरएव्हर, फॉर नाऊ' आला. छोटासाच, चार तुकड्यांचा, निर्मिती पुन्हा अरूज आफताबची. ऐकताना बाबांनी मला विचारलं, "जवारी कशी आहे गं हिची?"

मला विचारलं! मी गडबडले. जवारी कशी सांगतात शब्दांत? म्हटलं, "खुलीकडे झुकलेली. पण झगझगीत नाही."

"म्हणजे वडिलांसारखी," बाबा म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

तर वहीतली यादी अशी: पहिला 'लव्ह इन एग्झाइल', दुसरा 'ॲज वी स्पीक', तिसरा अनुष्का, आणि 'धिस मोमेंट' चौथा. एका मैत्रिणीचं म्हणणं, ही यादी प्रामाणिक नाही, तू ती बाबांसाठी केलीस. असेल. 'लव्ह इन एग्झाइल' शेवटाकडे ढिला पडतो हे मला आजही वाटतं आणि 'धिस मोमेंट' मी एकटी असले की अजूनही मोठ्याने लावते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच संध्याकाळी झाकिरला तीन ग्रॅमी मिळाली, 'शक्ती'बरोबर आणि या चौघांबरोबर, तेव्हा मी वही बाबांपुढे नाचवली होती. "तुमच्या 'पुढे'ला ग्रॅमी मिळालं बघा!" त्यांनी "त्यांना ऐकू येत असेल" असं उत्तर दिलं.

१६ डिसेंबर २०२४ ला सकाळी झाकिर गेल्याची बातमी पक्की झाली. आदल्या रात्रीपासून उलटसुलट येत होतं, त्यामुळे कोणीच नीट झोपलं नव्हतं. बाबांनी अंघोळ उरकली, यंत्रं काढून डबीत ठेवली आणि त्या खुर्चीत येऊन बसले. "तो बॅंजोवाला लाव," म्हणाले. मी लावला. त्यांनी तळहात खोक्यावर टेकवला, मग मान हलवून खूण केली. मी आवाज वाढवला. पुन्हा खूण केली, आणखी वाढवला. भिंतीपलीकडच्या शेजारणीने त्या दिवशी काही म्हटलं नाही.