दुभाषी

२०१८ च्या जुलै महिन्यात आम्ही वसई सोडली, तेव्हा मला तिसरा महिना चालू होता. इंग्लंडमधील लेस्टर शहरात माझ्या यजमानांना नोकरी लागली होती. निघताना आईने पिशवीत जपमाळ, मेथीदाणे आणि डिंक घातला. "बाळंतपणाला मी येतेच," असे ती म्हणाली होती. परंतु तिचा व्हिसा वेळेवर मिळाला नाही. जानेवारीत, बाहेर चार-साडेचारलाच अंधार पडत असताना, माझी मुलगी जन्माला आली.

आपल्याकडे बाळंतिणीभोवती माणसांचा कोट असतो. कोणी शेक देते, कोणी बाळाला न्हाऊ घालते, कोणी नुसतेच येऊन उंबऱ्यावर बसते. त्या गर्दीचा मला पूर्वी कंटाळा येई. लेस्टरमध्ये यजमान सकाळी कामावर गेले की संध्याकाळपर्यंत घरात मी, बाळ आणि खिडकीवर आपटणारा पाऊस. बाळ झोपले तरी मला झोप येत नसे. डोके जड होई, छातीवर कोणीतरी दगड ठेवल्यासारखे वाटे. मुलीला पाजताना तिच्या तोंडाकडे पाहून आनंद व्हावा, तर तो होत नसे; आणि तो होत नाही म्हणून मी स्वतःला पापी समजत असे.

मी मराठी माध्यमात शिकले आणि पुढे मराठी शाळेतच शिकवले. इंग्रजी मला येत होते, पण ते अर्ज भरण्याचे आणि बाजारहाटाचे. मी डॉक्टरांकडे गेले आणि छातीवर दगड असल्याचे माझ्या इंग्रजीत सांगितले. त्यांनी प्रामाणिकपणे माझे हृदय तपासले. रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, 'ड' जीवनसत्त्व कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्यांचे काहीच चुकले नव्हते. 'जीवाला घोर लागला आहे', 'मन थाऱ्यावर नाही' हे मला इंग्रजीत सांगता येत नव्हते, आणि मी जे सांगत होते त्यात माझा आजार नव्हता.

त्या देशात मूल जन्मल्यावर एक परिचारिका घरी येऊन आई व बाळाची विचारपूस करते. तिला 'हेल्थ व्हिजिटर' म्हणतात. मुलगी सात आठवड्यांची झाली तेव्हा ती एक प्रश्नावली घेऊन आली. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आले का, कारण नसताना भीती वाटली का, असे साधे प्रश्न. यजमान त्या दिवशी घरी होते. ते प्रश्न मला मराठीत सांगत आणि माझे उत्तर तिला इंग्रजीत सांगत.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल होता. यजमान तो विचारताना अडखळले. मी म्हणाले, "रात्री वाटतं, आपण नसलो तर बरं होईल. बाळाला दुसरी चांगली आई मिळेल. हे रोज वाटतं."

यजमानांनी तिला सांगितले, "तिला घरची आठवण येते."

एवढे इंग्रजी मला समजत होते. मी काही बोलले नाही.

यजमान वाईट नव्हते. हे मला आवर्जून लिहायचे आहे. ते घाबरले होते. नवीन देश, नवीन नोकरी. पत्नीच्या मनाचा आजार कागदावर चढला तर व्हिसा जाईल, मूल काढून नेतील, आपल्या माणसांत बोलबाला होईल, अशी भीती त्यांना कोणीतरी घातली होती. त्यांनी मला दगा दिला नाही. त्यांनी मला झाकले. पण झाकलेल्या जखमेला हवा लागत नाही.

परिचारिकेला मराठीचा गंधही नव्हता, पण माझे उत्तर लांब होते आणि त्यांचे चार शब्दांचे, हे तिने हेरले. ती आमच्या तोंडांकडे पाहत राहिली. मग कागद मिटून म्हणाली, "परवा मी पुन्हा येईन. त्या वेळी आपण दुभाष्याची मदत घेऊ. तो सरकारी सेवेतून मिळतो, तुम्हाला पैसे पडणार नाहीत." यजमान म्हणाले, "मी आहे ना." ती हसून म्हणाली, "तुम्ही पती आहात. दोन्ही कामं एकाच माणसावर टाकू नयेत."

लेस्टरमध्ये गुजराती माणसे पुष्कळ, म्हणून कार्यालयाने प्रथम गुजराती दुभाषी देऊ केला, मग हिंदी. परिचारिकेने मराठीचाच आग्रह धरला. अखेर फोनवर एक बाई मिळाल्या. टेबलावर फोन ठेवला, त्याचा आवाज मोठा केला. यजमान बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेले.

"नमस्कार ताई," फोनमधून आवाज आला. बोलण्याला विदर्भाकडची ढब होती. "तुम्ही बोलाल तेवढंच मी सांगीन. त्यात भर घालणार नाही, काही गाळणार नाही. आणि हे माझ्याकडून बाहेर जाणार नाही. आता सांगा, काय होतंय तुम्हाला?"

घरी आम्ही सामवेदी बोलतो. त्या बाईंची बोली माझी नव्हती, त्यांचे गाव माझे नव्हते. तरीही "काय होतंय" हे दोन शब्द ऐकले आणि सात आठवडे अडलेले रडणे एकदम वाहू लागले. दोघी थांबल्या. कोणीही मला गप्प केले नाही. जाळीआडून येणाऱ्या आवाजापाशी मन मोकळे करण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. तिकडे क्षमा मिळते; इकडे मला क्षमा नको होती, कारण मी अपराध केला नव्हता. हे तोवर मला ठाऊकच नव्हते.

मग परिचारिकेने विचारले आणि बाईंनी जसेच्या तसे मराठीत सांगितले, "जीव द्यायचं तुम्ही ठरवलं आहे का?" मी दचकले. असे कोणी कोणाला विचारते काय! पण विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही; उलट आत कोंडलेल्या विचाराला दार मिळते. "ठरवलं नाही," मी म्हणाले, "पण भीती वाटते." ते वाक्य पूर्णच्या पूर्ण पलीकडे पोचले.

त्याच दिवशी डॉक्टरांची भेट ठरली. अंगावर पाजताना घेता येतील अशा गोळ्या मिळाल्या. काही आठवड्यांनी समुपदेशन सुरू झाले. बहुतेक वेळा फोनवर त्याच बाई असत. मूल काढून नेले नाही. आजार लिहिला म्हणून व्हिसाही गेला नाही. व्हिसा काढतानाच आरोग्यसेवेसाठी माणशी दरसाल २०० पौंड आम्ही भरले होते (२०२४ पासून ही रक्कम १०३५ पौंड झाली आहे); म्हणजे ही सेवा कोणाचे उपकार नव्हते.

बरे होणे मात्र चमत्कारासारखे घडले नाही. चार पावले पुढे, दोन मागे. तेथील चर्चमधील वयोवृद्ध आयरिश धर्मगुरूंना मी विचारले, "माझी श्रद्धा कमी पडली का?" ते म्हणाले, "प्रार्थना सोडू नकोस आणि गोळीही चुकवू नकोस." त्यांनी संत डिम्फ्नाची कथा सांगितली. मनोरुग्णांची ही आश्रयदात्री संत स्वतःच परदेशी होती. आख्यायिकेप्रमाणे, बुद्धिभ्रंश झालेल्या पित्यापासून जीव वाचवण्यासाठी ती आयर्लंडहून बेल्जियममधील गेल या गावी आली आणि तेथेच मारली गेली. त्या गावातील कुटुंबे शतकानुशतके मनाने आजारी असलेल्या परक्या माणसांना आपल्या घरात ठेवून घेत आली आहेत. विसाव्या शतकात एके काळी अशा पाहुण्यांची संख्या तीन हजारांवर होती. धर्मगुरू म्हणाले, "त्या गावानं नुसती प्रार्थना केली नाही, पानं वाढली."

मुलगी वर्षाची झाल्यावर मी आईला फोनवर सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू झालीस तेव्हा मलाही तसंच झालं होतं. बावखलाकडच्या वाटेनं जायला मी घाबरायचे. तुझी आजी म्हणाली, नजर लागली. मी कोणाला बोलले नाही."

पुढे माझ्या वाचनात आले की २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील एका अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी सुमारे २३ टक्के मातांना हा आजार आढळला होता. म्हणजे आपल्याच मातीतल्या साधारण चारांतली एक. माझी आई माणसांच्या कोटात होती, मी परदेशात एकटी होते. आजार दोघींना झाला. फरक एवढाच की मला विचारणारे कोणी भेटले आणि माझे उत्तर कोणी बदलले नाही.

आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतून मुली-सुना परदेशी जात आहेत. त्यांच्या पिशवीत जपमाळ अवश्य घाला, डिंकही घाला. सोबत एवढे सांगा: पोचल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे नाव नोंदव, मनाचे बोलायचे असेल तेव्हा दुभाषी माग, आणि तो घरातला नको. येथे राहणाऱ्यांसाठी २०२२ पासून सरकारचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.

फोनमधल्या त्या बाईंचे नाव मला कधी कळले नाही; तसा नियमच होता. मुलगी आता शाळेत जाते. तिची भाषा इंग्रजी होत चालली आहे. माझ्या यजमानांनी तिला शिकवलेले पहिले मराठी वाक्य मात्र ती अजून विसरलेली नाही. संध्याकाळी मी गप्प दिसले की ती जवळ येते आणि विचारते, "आई, काय होतंय तुला?"