न मागता मिळणारं

कळवेकराला 'डिफॉल्ट' शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्याला कुणी विचारलं नाही, आपणही काही बोललो नाही, आणि तरीही आपल्या बाबतीत जे ठरून गेलं, ते डिफॉल्ट. बहुतेक फास्ट लोकल कळव्याला थांबत नाहीत, हे आमचं डिफॉल्ट. (बँकेत मात्र डिफॉल्ट म्हणजे हप्ता थकवणं. तिथे हा शब्द काढला की मॅनेजरचा चेहरा उतरतो.)

आमचा भाचा 'मायएसक्यूएल' ह्या डेटाबेस सर्व्हरच्या प्रोग्रामात दुसऱ्यांनी केलेले बदल तपासतो. म्हणजे आमच्यासारखंच. एकाने व्हाउचर लिहायचं, दुसऱ्याने पास करायचं. परवा हा गृहस्थ एका ओळीसमोर दोन तास बसला होता. ओळीत काय, तर एका सेटिंगचा आकडा बदललेला.

"अरे, एवढ्या वेळात आम्ही अख्खं डे-बुक टॅली करतो!"

"मामा, ज्यांनी हा आकडा कधी पाहिलाच नाही, त्यांच्याकडेही तो बदलणार आहे."

मग शिकवणी झाली. आकडा कमीत कमी किती चालेल, जास्तीत जास्त किती. चालू सर्व्हरवर बदलता येईल की बंद करून परत सुरू करावा लागेल. एकट्यापुरता की सगळ्यांना. सेटिंग काढून टाकायची तर आणखी पंचाईत. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत 'क्वेरी कॅश'ची सेटिंग्ज गेली. ज्यांच्या फायलीत ती लिहिलेली राहिली, त्यांचा सर्व्हर सुरूच होईना.

मला तर ही सेटिंग्ज घरचीच वाटली. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, तर १५१. आहेराच्या पाकिटातला वरचा रुपया दिसतोय ना! ते भरले तरी साहेबासाठी आणखी एक जागा राखीव. नुसतं बसून राहिलेल्याला बाहेर काढायची मुदत २८,८०० सेकंद, म्हणजे बरोब्बर आठ तास. इतका वेळ काही न करता बसू देणारी दुसरी एक संस्था मला ठाऊक आहे, पण तिथे मी नोकरीला आहे.

गंमत संपते ती लिपीपाशी. हा प्रोग्राम जन्माने स्वीडिश. त्यामुळे ८.० च्या आधी न मागता मिळायची ती लॅटिन लिपी, आणि अक्षरांचा क्रमही स्वीडिश. कुणी लक्ष घातलं नाही तर 'कळवा' लिहावं आणि चार प्रश्नचिन्हं उमटावीत. अक्षरं तीन, प्रश्नचिन्हं चार, कान्याचं वेगळं! ८.० मध्ये कुणीतरी ते डिफॉल्ट बदललं, दुसऱ्या कुणीतरी तपासून पास केलं, आणि देवनागरी न मागता मिळू लागली.

जुनी कोष्टकं मात्र आपोआप सुधारत नाहीत. मध्यंतरी एका पावतीवर सभासदाच्या नावाजागी नऊ प्रश्नचिन्हं छापून आली. "बरोबर आहे," त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तीस वर्षांत मलाही एवढंच कळलंय."