थंडीचे लाड

पुण्यात थंडी आली हे मला पेपरातल्या 'पारा घसरला'च्या आधी न्हाणीघरातली बाटली सांगते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. एका सकाळी बाटली उपडी केली तरी तळहातावर काही म्हणून पडत नाही, ती गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी लागते... की समजायचं, आली! त्याच आठवड्यात आमसुलाच्या तेलाचा घट्ट गोळा डब्यातून बाहेर निघतो. रात्री पळीत वितळवायचं आणि टाचांच्या भेगांत भरायचं. महागड्या क्रीमांनी असा गुण मला तरी कधी दिलेला नाही.

या दिवसांत मंडईत काही घ्यायचं नसलं तरी एक चक्कर मारून यावी. मटार, पावटा, बोरं, बारकी काटेरी वांगी, लाल गाजरं. ओल्या हरभऱ्याची गड्डी घेतली तर घरी येईपर्यंत निम्मी संपलेली असते आणि बोटांना ती आंब लागलेली. ती चाटायची की धुवायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. (आम्ही चाटणाऱ्यांतले.)

हुरड्याचं मात्र जरा बिनसलंय. आगटीतून कणीस काढून कोणीतरी तळहातावर चोळून द्यावं, आपण गरम गरम दाणे लसणीच्या चटणीबरोबर तोंडात टाकावेत, इतकीच खरं तर गंमत. आता तिकीट, झोके, बैलगाडी, आणि हुरड्यापेक्षा फोटो जास्त. असो. गुळभेंडीचा कोवळा हुरडा मिळाला तर मी तिकीटही काढते, तेव्हा फार बोलू नये.

'सवाई' रमणबागेत होता तेव्हा आम्ही चालत जायचो. २०१८ पासून तो मुकुंदनगरला गेला. गाणं तेवढंच छान होतं, पण कानात तो शेवटचा राग घेऊन, नाकापर्यंत शाल ओढून पेठेतून चालत घरी येणं गेलं. रिक्षात ते जमत नाही.

पण थंडीतलं खरं सुख घरातच आहे, आमच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ऊन कठड्यापाशीच थांबतं. थंडीत तो दक्षिणेकडे कलतो आणि ऊन तिरपं होऊन पार हॉलमधल्या दिवाणापर्यंत येतं. दहा वाजल्यापासून आईची चटई त्या उन्हामागोमाग सरकत असते. तिथेच मटार सोलायचे, तिथेच पेपर, तिथेच गुडघ्यांना तेल आणि तिथेच डुलकी. आम्ही कोणी ऊन अडवून उभे राहिलो की न बघताच "सरक" म्हणते.

आमची इमारत यंदा पाडायला निघाली आहे. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये सगळे कार्पेट एरिया आणि पार्किंगबद्दल विचारत होते. आईने विचारलं, "ऊन कुठून येणार?" दोन-तीन जण हसले. आर्किटेक्ट तरुण होता, पण हसला नाही. त्याने नकाशा तिच्यापुढे धरून फिरवला आणि सांगितलं, आजी, तुमची बाल्कनी उत्तरेला आहे. फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना लिफ्ट हवीच आहे. मीच तिला सही करायला लावली, आणि ते बरोबरच होतं असं मला अजूनही वाटतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "उत्तरेला कपडेसुद्धा वाळत नाहीत गं."

घर डिसेंबरअखेर रिकामं करायचं होतं. आईने बिल्डरकडून संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली, कारण भोगी इथेच करायची आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी आणि मटार, पावटा, हरभरा, गाजर, वांगं, सगळं घातलेली ती लेकुरवाळी भाजी. जिन्यातल्या चारही बिऱ्हाडांना जेवायला बोलावलंय. भांडी खोक्यांत भरून झाली, लोखंडी तवा आणि परात तेवढी बाहेर ठेवली आहे. चटईही.